दिव्यांगांसाठीचे सरकारी लाभ: महाराष्ट्रात अर्ज कसा करायचा, आणि युके-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांनी काय करायचं

डॉक्टरांनी फाईलवर आजाराचं नाव लिहून दिलं की लाभ मिळणारच असं बहुतेक घरांत धरून चालतात आणि अर्ज नेमका तिथेच अडकतो. भारत असो, युके असो की अमेरिका, नुसत्या आजाराच्या नावावर सहसा कुठलंच सरकार पैसे देत नाही. त्यांना बघायचं असतं की त्या आजारामुळे या माणसाचं रोज काय अडतंय, किती अडतंय आणि किती दिवस अडणार आहे, आणि हे सगळं त्यांच्या फॉर्ममधे त्यांच्या मोजपट्टीवर बसेल असं लिहिलेलं हवं असतं. मी बरीच वर्षं नातेवाईकांचे, सोसायटीतल्या लोकांचे आणि बाहेरदेशी असलेल्या मैत्रिणींच्या घरचे असे फॉर्म भरायला मदत करतेय, म्हणून हे सगळं एका ठिकाणी सविस्तर लिहिते.

फॉर्मला हात लावायच्या आधी

पहिलं म्हणजे एक फाईल करा. त्यात निदान झालं तेव्हाचे पेपर, डिस्चार्ज कार्ड, सगळ्या टेस्टचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी, फिजिओ किंवा थेरपी चालू असेल तर त्यांच्या नोंदी, तारखेप्रमाणे लावून ठेवा. ओरिजिनल कुणालाही देऊन टाकायचं नाही, दाखवायचं आणि परत घ्यायचं, जमा करायची ती झेरॉक्स.

दुसरं, आणि हे कोणीच करत नाही, दोन आठवडे एक वही ठेवा. त्यात "बाबांना अर्धांगवायू आहे" असं लिहायचं नाही, ते डॉक्टरांनी लिहिलेलंच आहे. वहीत लिहायचं की बाबांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, संडासला जाताना एकानं धरावं लागतं, जेवताना घास सांडतो म्हणून भरवावं लागतं, रात्री कूस बदलून द्यायला कोणीतरी उठावं लागतं, मागच्या महिन्यात बाथरूममधे पडले. मूल असेल तर त्याच वयाचं दुसरं मूल जे एकट्यानं करतं त्यातलं हे काय करू शकत नाही ते लिहा. कुठल्याही देशाच्या फॉर्ममधे पुढे हेच कामाला येतं.

आणि इथे एक मनापासून सांगते. आपल्याकडे माणूस डॉक्टरांसमोर बसला की स्वाभिमानानं म्हणतो "करतो हो माझं मी सगळं, तसं काही नाही", आणि घरी तीच आज्जी भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जाते. मुलांच्या बाबतीत आई इतकं सगळं न बोलता करत असते की विचारलं तर तिला आठवतच नाही ती काय काय करते. तपासणारा माणूस तुम्हाला जेमतेम काही मिनिटं बघणार आहे, तो तुमच्या घरी येणार नाही, त्यामुळे "बरं आहे" म्हटलं की तो तेच लिहिणार. वाढवून काही सांगायचं नाही, पण झाकायचंही नाही. जड दिवस कसा असतो आणि असे दिवस आठवड्यात किती, हे सरळ सांगायचं. सोबत जो रोज काळजी घेतो तोच माणूस न्या, गावाहून परवा आलेला काका नको.

महाराष्ट्रात: आधी यूडीआयडी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), मग बाकी सगळं

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ लागू आहे, त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरलीयेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ च होती, म्हणून ऑटिझम, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातले लोक आता यात येतात आणि अजूनही कितीतरी घरांना हे माहीतच नाहीये. बहुतेक लाभांना ४० टक्के किंवा त्याच्या वर दिव्यांगत्व लागतं.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर ऑनलाइन करायचा, दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड दोन्हींसाठी तोच एक अर्ज. लागतं काय तर आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा आणि चालू मोबाईल नंबर. दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना घाई करू नका, कारण त्यावरून कुठल्या डॉक्टरसमोर जायचं ते ठरतं, आणि दोन प्रकार असतील, म्हणजे समजा सेरेब्रल पाल्सी आणि ऐकू कमी येणं, तर दोन्ही टाका. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच, एक अक्षर इकडेतिकडे नको, पुढे बँकेत आणि तहसीलला तेच आडवं येतं. अर्ज गेला की नोंदणी क्रमांक येतो, तो लिहून ठेवा.

आधारवरचा पत्ता एका जिल्ह्यातला आणि राहता दुसरीकडे असं असेल तर आधी पत्ता बदलून घ्या असं मी सांगेन, नाहीतर हॉस्पिटलवाले "तुमच्या जिल्ह्यात जा" म्हणतात आणि पेशंटला घेऊन गेलेला दिवस फुकट जातो. रोजच्या मजुरीवर घर चालवणाऱ्याला हा दिवस महाग पडतो.

मग तपासणी. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला, किंवा मोठ्या शहरात सरकारी आणि महापालिकेच्या ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत तपासणाऱ्या डॉक्टरांचं बोर्ड बसतं, आणि बहुतेक ठिकाणी अस्थिव्यंग, डोळे, कान, मानसिक-बौद्धिक असे प्रकाराप्रमाणे वार ठरलेले असतात. निघायच्या आधी फोन करून किंवा कोणाला तरी पाठवून वार आणि वेळ पक्की करा. ऐकण्यासाठी ऑडिओमेट्री किंवा बेरा, बौद्धिक अक्षमतेसाठी आयक्यू टेस्ट, ऑटिझमसाठी इसा नावाची चाचणी, अशा टेस्ट लागतात, त्या तिथेच करतात की आधीचे रिपोर्ट चालतील ते विचारून घ्या.

कार्डाचे आता रंग आहेत: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. प्रमाणपत्र तात्पुरतं आहे की कायमचं ते नीट बघा, तात्पुरतं असेल तर संपायच्या तारखेच्या बऱ्याच आधी पुन्हा तपासणीला अर्ज टाका, कारण तारीख उलटली की लाभ थांबू शकतो. टक्केवारी कमी दिली असं वाटलं तर कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. एजंट "पैसे द्या, टक्के वाढवून देतो" म्हणाला तर लांब राहा, कलम ९१ मधे खोट्यानं लाभ घेणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि पकडला गेल्यावर एजंट गायब होतो, नाव मात्र तुमचं असतं.

दरमहाचे पैसे: संजय गांधी निराधार योजना

वय १८ ते ६५, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहणं, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत. बाकी निराधारांना ही मर्यादा २१ हजार आहे, आणि काउंटरवर कधीकधी दिव्यांगांनाही २१ हजारच सांगतात, तेव्हा शांतपणे सांगा की दिव्यांगांची वेगळी आहे. रक्कम दरमहा १५०० होती, सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयानं दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झाली. ६५ नंतर श्रावणबाळ योजनेत जायचं.

अर्ज तहसील कार्यालयात संजय गांधी शाखेला, किंवा सेतूतून. कागद: दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, रेशन कार्ड, आधार, पासबुक. पोचपावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, तारीख आणि शिक्का असलेली. अर्ज समितीपुढे जातो, मंजूर झाला की पत्र येतं.

पैसे थेट खात्यात येतात, पण कुठल्या खात्यात ते लक्षात घ्या. ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलंय त्यात. लोक जुन्या पासबुकात एन्ट्री मारून "आले नाहीत" म्हणतात आणि पैसे कुठल्यातरी नव्या बँकेच्या विसरलेल्या खात्यात पडत असतात. बँकेत विचारा की आधार सीडिंग कुठे आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर तलाठ्याला आधीच सांगून ठेवा. मी बघितलेल्या एका केसमधे नुसता हयातीचा दाखला वेळेत न गेल्यामुळे कित्येक महिने पैसे बंद होते आणि घरच्यांना कारण कोणी सांगितलंच नाही, ज्या बाईचा सगळा औषधांचा खर्च त्यावर चालायचा तिला हे सोसावं लागलं याचा मला अजून राग येतो.

गोव्यात याच्यासारखी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, तिचे नियम वेगळे.

बाकीचं पटापट. एसटीत ४० टक्क्यांच्या वर असेल तर तिकिटात ७५ टक्के सवलत, ६५ च्या वर असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. रेल्वेची सवलत सगळ्यांना नाही, ठराविक प्रकारांनाच, आणि त्यासाठी रेल्वेचं वेगळं कार्ड ऑनलाइन काढायचं. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, ग्रामसेवकाला लेखी विचारा यावर्षी किती होता आणि कुठे गेला, तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना बघा, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, आधी मेडिकल टेस्ट लागत नाही. याच चार प्रकारांतलं मूल १८ चं झालं की आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, हे साडेसतरालाच मनात धरा.

इन्कम टॅक्समधे १९६१ च्या (३१ मार्च २०२६ पर्यंतच्या) कायद्यातली कलमं 'एटी यू' स्वतःसाठी आणि 'एटी डीडी' अवलंबून असलेल्यासाठी: ४० टक्क्यांना ७५ हजार, ८० च्या वर सव्वा लाख वजावट. फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत मिळते, आणि भारतात रहिवासी असलेल्या करदात्यालाच. म्हणजे मुलगा दुबईत एनआरआय असेल आणि इथल्या बहिणीचा खर्च करत असेल तरी त्याला ही मिळत नाही, इथला भाऊ खर्च करत असेल तर त्याला मिळते.

बाहेरदेशी: आधी व्हिसा बघा, मग आजार

इथलं यूडीआयडी तिकडे पुरावा म्हणून फाईलला लावता येतं पण त्यावर लाभ मिळत नाही. तिकडे पहिला प्रश्न असतो तुमचा स्टेटस काय. मुलांकडे व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या आईवडिलांना यातलं जवळजवळ काहीच लागू नाही, त्यांच्यासाठी प्रवासी विमा नीट बघणं हेच खरं काम.

युकेत मुख्य लाभ म्हणजे पिप, पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट. वय १६ पासून सरकारी पेन्शनच्या वयापर्यंत, उत्पन्न बघत नाहीत, नोकरी करणाऱ्यालाही मिळतो. स्कॉटलंडमधे त्याऐवजी ॲडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे. पण स्किल्ड वर्कर किंवा स्टुडंट व्हिसावर साधारणपणे 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी पैशाची मदत घ्यायची नाही, ही अट असते, तेव्हा पिप मागायचा नाही, मागितला तर व्हिसाची अट मोडल्यासारखं होतं आणि पुढे आयएलआरला, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवानगीला, त्रास होऊ शकतो. आयएलआर किंवा नागरिकत्व असेल तर मग मागच्या ३ वर्षांतली २ वर्षं तिथे राहिलेलं असणं, त्रास ३ महिन्यांपासून असणं आणि पुढे ९ महिने राहणार असणं, असं लागतं.

फोन करून क्लेम सुरू करायचा, मग फॉर्म येतो, तो १ महिन्यात परत. रोजच्या जगण्याच्या १० कृती आणि हालचालीच्या २, प्रत्येकीला गुण. एका भागात ८ गुण झाले तर स्टँडर्ड, १२ झाले तर जास्तीचा दर. २०२५-२६ मधे रोजच्या जगण्याचे आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पाउंड, हालचालीचे २९.२० किंवा ७७.०५. उदाहरण देते: स्वयंपाक मायक्रोवेव्हमधेच करता येतो तर २ गुण, कोणीतरी मदत करावी किंवा लक्ष ठेवावं लागतं तर ४, अजिबात जमत नाही तर ८. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "जमतं" म्हणजे सुरक्षितपणे, नीट, हवं तितक्या वेळा आणि वाजवी वेळात जमतं का. एक पोळी लाटून अर्धा तास पडून राहावं लागत असेल तर ते जमणं नव्हे, हे फॉर्ममधे शब्दात लिहा. तिथे वहीतली नोंद तारखेसकट उतरवा. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा, तो फुकट असतो, सुनेनं भाषांतर करण्यापेक्षा तो बरा कारण सासूबाई सुनेसमोर सगळं बोलत नाहीत.

अमेरिकेत दोन वेगळ्या योजना आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एसएसडीआय ही तुम्ही काम करून भरलेल्या सोशल सिक्युरिटी टॅक्सवर मिळते, त्या कामाची साधारण ४० क्रेडिट लागतात, त्यातले २० शेवटच्या १० वर्षांतले, वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात, वय कमी असेल तर कमी पुरतात. एसएसआय ही गरिबीवर, एकट्याकडे मोजली जाणारी मालमत्ता २००० डॉलरच्या वर नको. २०२६ मधे एसएसआयची केंद्राची कमाल रक्कम महिन्याला ९९४ डॉलर आहे. भारताशी अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी करार नाहीये, त्यामुळे इथली पीएफची वर्षं तिथे धरत नाहीत.

एसएसआय एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर मिळत नाही. ग्रीन कार्ड असलं तरी बहुतेकांना ४० क्वार्टर (म्हणजे वरची क्रेडिटच) कामाची अट आहे, त्यात नवराबायकोची आणि लहानपणीची आईवडिलांची क्वार्टरंही काही अटींवर धरता येतात. देशाबाहेर सलग ३० दिवस गेलं की एसएसआय थांबते, म्हणून भारतात दोन महिने यायचं असेल तर आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसला कळवा.

अर्जात त्यांना हवं असतं की काम करता येत नाही आणि ही अवस्था किमान १२ महिने टिकली आहे किंवा टिकणार आहे. २०२६ मधे महिन्याला १६९० डॉलरच्या वर कमावत असाल तर साधारणपणे तिथेच नकार, अंध व्यक्तींसाठी मर्यादा जास्त आहे. डॉक्टरांकडून पत्र घ्याल तेव्हा "कामाला अपात्र" एवढंच लिहून घेऊ नका, ते ठरवणं त्यांच्याकडे नसतंच. किती वेळ बसू शकतो, किती किलो उचलू शकतो, महिन्यात किती दिवस कामावर येणार नाही, असं आकड्यात लिहून मागा. एसएसडीआय मंजूर झाली तरी पहिले पूर्ण ५ महिने पैसे नसतात.

एच-वन बीवरच्या आईवडिलांनो, मुलाला ऑटिझम असेल तर रोख लाभ नसला तरी शाळेचा दरवाजा उघडा आहे. ३ वर्षांच्या आतल्या बाळाला राज्याचं अर्ली इंटरव्हेन्शन (लहानपणीच सुरू होणारी मदत), आणि ३ पासून पब्लिक स्कूलकडून आयईपी, म्हणजे त्या मुलासाठी बनवलेला शिक्षणाचा आराखडा, त्यात स्पीच, ऑक्युपेशनल थेरपी येऊ शकते, आणि शाळेला तुमचा व्हिसा आडवा येत नाही. शाळेच्या डिस्ट्रिक्टला लेखी पत्र द्या की मुलाचं मूल्यमापन करा. इंग्लंडमधे याच जागी ईएचसी प्लॅन आहे, कौन्सिलकडे मागायचा. व्हिसाच्या भीतीनं कितीतरी आपले लोक हे मागतच नाहीत आणि मुलाची सगळ्यात मोलाची वर्षं जातात.

कॅनडात सुरुवात डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिटपासून करा, फॉर्म टी-२२०१, अर्धा तुम्ही आणि अर्धा डॉक्टर भरतात. टॅक्स बसत नसेल तरी करा कारण आरडीएसपी हे दिव्यांगांसाठीचं बचत खातं आणि जुलै २०२५ ला सुरू झालेला, महिन्याला २०० डॉलरपर्यंतचा कॅनडा डिसॅबिलिटी बेनिफिट दोन्ही त्यावर उघडतात. मागच्या १० वर्षांपर्यंतचा टॅक्सही परत मागता येतो.

ऑस्ट्रेलियात डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शनला साधारण १० वर्षं वास्तव्य लागतं, मात्र काम करणं अशक्य झालं ते तिथे रहिवासी असतानाच, तर ही अट सुटते. एनडीआयएस ही पेन्शन नाही, मदतीच्या सेवांचा निधी आहे, पीआर (कायम राहायची परवानगी असलेले) किंवा नागरिक आणि अर्ज करताना वय ६५ च्या आत. जर्मनीत नोकरीवर गेलेल्यांनाही दिव्यांगत्वाचा दर्जा मागता येतो, तो ५० किंवा जास्त अंशाचा मिळाला की वर्षाला एक आठवडा जादा रजा, नोकरीवरून काढण्यापासून जास्तीचं संरक्षण आणि टॅक्समधे सूट.

नकार आला तर

पत्र फेकू नका आणि रडत बसू नका, त्यावरची तारीख बघा. युकेत १ महिन्यात मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे फेरविचार मागायचा, तिथेही नाही म्हटलं तर पुन्हा १ महिन्यात ट्रिब्युनल. अमेरिकेत प्रत्येक पायरीला ६० दिवस: आधी फेरविचार, मग न्यायाधीशासमोर सुनावणी, मग अपील्स कौन्सिल, मग फेडरल कोर्ट. वकील सहसा आधी पैसे घेत नाहीत, जिंकलात तर थकबाकीतून ठरलेल्या मर्यादेतच घेतात. नव्यानं अर्ज करण्यापेक्षा अपील बरं, कारण नव्या अर्जात मागच्या तारखेपासूनचे पैसे जाऊ शकतात. जर्मनीतही मुदत १ महिनाच.

महाराष्ट्रात तहसीलनं अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा, न दिल्यास माहितीच्या अधिकारात मागा, आणि दाद लागत नसेल तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, अर्जाची पोचपावती त्याला जोडायची.

अपीलमधे "अन्याय झाला" एवढं लिहून भागत नाही. नकाराच्या पत्रातलं एकेक वाक्य घ्यायचं आणि त्याच्यासमोर पुरावा ठेवायचा. त्यांनी लिहिलंय "२०० मीटर चालतो", तर फिजिओचा रिपोर्ट लावा की २० मीटरनंतर थांबावं लागतं, पडल्याची तारीख लिहा, त्या दिवशीचा दवाखान्याचा कागद लावा. सगळं पाठवायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि पोस्टानं पाठवत असाल तर ट्रॅकिंगवालंच पाठवा.